उणे अठरा अंशांतले चार टायर

लाहू वरठाच्या घरात, मधल्या खोलीत, कारवीच्या कुडाच्या भिंतीवर एक तापमापक टांगलेला आहे. लाहू रोज सकाळी चहाच्या आधी त्याच्याकडे बघतो आणि मग बाहेर येतो. गेल्या थंडीत पारा सर्वांत खाली आला तो तेरावर. डहाणूजवळच्या गंजाडमध्ये याहून जास्त थंडी पडत नाही. हे त्यालाही माहीत आहे.

लाहू सत्तेचाळीस वर्षांचा आहे. गावाबाहेरच्या चिकूच्या वाडीवर तो बावीस वर्षं कामाला आहे. झाडांची निगा, पाण्याचे पंप, पिकअप चालवणं, बंगल्याच्या किल्ल्या, सगळं त्याच्याकडे. वाडी रुचिताच्या वडिलांची होती. ते गेल्यावर तिची झाली. रुचिता सुरतला डोळ्यांची डॉक्टर आहे. ती अठरा वर्षांची असताना याच वाडीच्या रस्त्यावर लाहूने तिला गाडी शिकवली. पहिल्याच दिवशी त्याने तिचा फोन काढून स्वतःच्या खिशात ठेवला होता. गाडी चालू असताना फोन घ्यायचा नाही, हा त्याचा पहिला धडा.

रुचिताची गाडी निळी आणि वेगाची आहे. तिला दोन प्रकारचे टायर लागतात. तिचा नवरा विनोद हिमाचलमध्ये बोगद्याच्या कामावर आहे. दरवर्षी डिसेंबरात ती सहा वर्षांच्या निलमला घेऊन गाडीने तिकडे जाते. तेव्हा चाकांवर थंडीचे टायर चढतात. उन्हाळी टायर चाकांसकट उतरवून वाडीवर ठेवतात. त्यांचं रबर मऊ असतं, तापलेल्या रस्त्याला ते घट्ट धरतं. सात अंशांखाली ते कडक व्हायला लागतं आणि त्याची पकड जाते. म्हणून ही अदलाबदल. ती लाहू स्वतः करतो, जॅक लावून, वाडीच्या अंगणात.

तीन वर्षांपूर्वी त्याने ते टायर पंपाच्या खोलीत ठेवले. पत्र्याचं छप्पर, दिवसभर चालणारी मोटर. फेब्रुवारीत टायरांच्या कडांवर बारीक रेषा उठलेल्या होत्या. रुचिता रागावली नाही, पण तिने नवे टायर घेतले आणि पुढच्या डिसेंबरात निघताना बजावलं, "लाहूदादा, या वेळी थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. ऊन नको, मोटर नको. जागा थंड पाहिजे."

लाहूने जागा शोधली. डिसेंबरात गंजाडला दुपारी तीस अंश असतात. बंगल्याच्या खोल्या कौलांखाली तापतात. गोदामात चिकूची वाफ असते. बावीस वर्षं त्याने एकच गोष्ट पाहिली होती: जे खराब होऊ द्यायचं नाही ते कोल्ड स्टोरेजला जातं. त्याची बायको हिरी हिचा भाऊ जीवन डहाणूच्या किनाऱ्यावर मच्छीच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होता. जागा अंधारी होती, उंदीर नव्हते, आणि तिच्याहून थंड जागा तालुक्यात नव्हती. चारही चाकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून पापलेटच्या खोक्यांमागे कोपऱ्यात गेली. दारावरच्या पाटीवर आकडा होता उणे अठरा. लाहूला तो आवडला.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी रुचिता परतली. वाडीवर मुक्काम करून रविवारी सुरतला जायचं होतं. थंडीचे टायर गरम रस्त्यावर लवकर झिजतात, म्हणून रविवारी सकाळीच ते बदलायचे ठरले.

सात वाजता लाहू पिकअप घेऊन किनाऱ्यावर गेला. चाकं एकमेकांना चिकटली होती. जीवनने बर्फ फोडायची पहार मध्ये घालून ती सुटी केली. मग दोघांनी एकेक चाक खांद्यावर घेऊन पिकअपच्या हौद्यात टाकलं. पडताना आवाज आला तो लाकडाचा.

"भावजी, टायर आहेत का पाटे?" जीवन म्हणाला.

"तुझ्या बहिणीला नेऊन देतो. मसाला वाटेल."

"वाटेल. आणि मग तुमच्या डोक्यात घालेल."

दोघं हसले. हे हसणं लाहूला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

साडेनऊला वाडीवर चाकं चढली. हाताला ती अजून गार लागत होती. हवा कमी दिसली म्हणून लाहूने ती छत्तीसपर्यंत भरली. गार हवा तापली की फुगते, हे तो उन्हाळ्यात नेहमी सांभाळायचा. त्या दिवशी ते त्याच्या मनात आलं नाही. दहा पस्तीसला निळी गाडी फाटकाबाहेर पडली. मागच्या काचेतून निलमने हात हलवला.

मग लाहू पिकअप धुवायला गेला. हौद्यात पाणी मारताना एक काळा तुकडा घरंगळत पुढे आला. अंगठ्याच्या नखाएवढा, एका बाजूला टायरची नक्षी. त्याने तो उचलला. कडा धारदार होत्या, फुटलेल्या कौलासारख्या. त्याने तो दोन बोटांत दाबला तर तो वाकला. रबर मऊ होतं. मऊ रबर ताणून फाटतं, त्याला अशी कड येत नाही. हा तुकडा गोठलेला असताना फुटला होता. त्याने मोबाइल पाहिला. दहा अठ्ठावन्न.

यानंतर त्याने जे केलं ते तो आजही डोळ्यांत न बघता सांगतो. त्याने तुकडा खिशात टाकला आणि पिकअप धुवायला घेतली. पुढचं चाक, मागचं चाक, पायदान. एखादा तुकडा निघाला म्हणून काय होतं, असं तो स्वतःला सांगत होता. पंपाच्या खोलीनंतर पुन्हा टायर खराब केले, हे कसं सांगायचं, हेही चाललं होतं. शेवटी त्याने नळ बंद केला आणि बारक्याला फोन लावला. बारक्याचं पंक्चरचं दुकान चारोटी नाक्यावर, हायवेला लागूनच आहे. तीस वर्षं तो टायर उघडतो आहे.

"कुठे ठेवलेले?" बारक्याने विचारलं.

लाहूने सांगितलं.

मग बारक्या म्हणाला, "बर्फातला बोंबील वाकवून बघितलास कधी?"

"नाय."

"तुटतो. अख्खा, मधनं. तू तसले टायर उचलून आपटलेस. आत किती ठिकाणी फुटलंय ते बाहेरून कळणारच नाय. गाडी कुठे आहे?"

"गेली. ताई हायवेला लागली असेल."

"तिला थांबव. मी पुढे फोन करतो."

अकरा वाजून नऊ मिनिटांनी लाहूने रुचिताला पहिला फोन केला. तिने उचलला नाही. त्याने पुन्हा केला. ती उचलणार नाही, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तो धडा त्यानेच दिला होता.

हायवेवरच्या पंक्चरवाल्यांची एक पद्धत आहे. मालाचा ट्रक गाठायचा असेल, ड्रायव्हरचा फोन लागत नसेल, तर नाक्यावरचा पुढच्याला कळवतो आणि पुढचा रस्त्यावर उभा राहतो. ट्रकवाले हे ओळखतात. बारक्याने तलासरीच्या पंक्चरवाल्या सुनिलला फोन केला. निळी गाडी, बाई चालवते, मागे पोर. सुनिल लाल फडकं घेऊन रस्त्याच्या कडेला गेला आणि पाच मिनिटांत गाडी दिसली. त्याने फडकं हलवलं, चाकाकडे बोट दाखवलं, दोन पावलं रस्त्यात आला.

रुचिता ट्रकवाली नव्हती. चाकाकडे बोट दाखवून गाडी थांबवतात आणि लुटतात, असं तिने ऐकलं होतं. तिने दारांची कुलपं तपासली आणि वेग वाढवला.

सुनिलने बारक्याला सांगितलं, बारक्याने लाहूला. "थांबली नाय. उलट पळवली. शंभरच्या वर असेल म्हणतो."

लाहू वाडीच्या फाटकात उभा होता. हिरी ओटीवर शेवग्याच्या शेंगा सोलत होती. नवऱ्याचा चेहरा बघून ती उठली. त्याने आठव्यांदा फोन लावला. रिंग वाजत राहिली. प्रत्येक रिंगला त्याला टायरचा आवाज ऐकू येत होता, हौद्यात पडलेल्या लाकडाचा.

मग कोणीतरी फोन उचलला.

"मम्मी गाडी चालवतेय," निलम म्हणाली. "लाहूमामा, एक माणूस आम्हाला लाल कपडा दाखवत होता."

लाहूला मोठ्याने बोलायचं होतं. त्याने आवाज खाली आणला. घाबरलेल्या पोराचा आवाज ऐकून आई मागे बघेल, ब्रेक दाबेल. तसं होऊन चालणार नव्हतं.

"निलू, मी सांगतो ते मम्मीला तसंच सांगायचं. सांगशील?"

"हो."

"सांग, लाहूमामाने चूक केली."

"मम्मी, लाहूमामा म्हणतो त्याने चूक केली."

"टायर चांगले नाहीत."

"टायर चांगले नाहीत."

"ब्रेक जोरात मारू नका. पाय नुसता उचला. हळूहळू डावीकडे घ्या."

निलमने तेही सांगितलं, मधला एक शब्द विसरून. लाहूने तो पुन्हा सांगितला. मग फोनमध्ये इंजिनाचा आवाज उतरत गेला. इंडिकेटरची टिकटिक सुरू झाली. एक ट्रक हॉर्न देत शेजारून गेला, मग दुसरा. टिकटिक चालूच होती. हिरीने येऊन त्याचा दंड धरला.

टिकटिक थांबली.

"बोला," रुचिता म्हणाली.

त्याने सगळं सांगितलं. कोल्ड स्टोरेज, पहार, हौदा, तुकडा. ती खाली उतरली, निलमला घेऊन कठड्यापलीकडे उभी राहिली, मग एकटीच परत आली आणि वाकली. मागच्या डाव्या टायरच्या आतल्या अंगाला वीतभर चीर होती आणि तिच्याशेजारी लिंबाएवढा फुगवटा. ती जागा गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडच्या थोडी अलीकडे होती.

लाहू थंडीची चारही चाकं पिकअपमध्ये घालून निघाला. वाटेत त्याने चाळीसच्या वर वेग घेतला नाही. तो पोचला तेव्हा सुनिल तिथे आधीच आला होता. तो मोटरसायकलवरून मागोमाग गेला होता आणि आता निलमला शेंगदाणे देत होता.

"तुमच्या ताईंनी मला चोर केलं," तो लाहूला म्हणाला. "तीस वर्षांत पहिल्यांदा."

लाहूने चाकं बदलली. शेवटच्या दोन चाकांचे नट सुनिलने आवळले. रुचिता बाजूला उभी होती. लाहूने खिशातला तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला. तिने तो वाकवून पाहिला.

"उणे सातच्या खाली हे टायर हलवायचेसुद्धा नसतात," ती म्हणाली. "बाहेर काढले तरी दिवसभर तसेच ठेवायचे. हे मी सांगायला हवं होतं." मग तिने विचारलं, "हा कधी सापडला?"

"दहा अठ्ठावन्न."

तिने फोन काढून पहिल्या कॉलची वेळ पाहिली, अकरा नऊ. दहा अठ्ठावन्नला ती चारोटी नाक्याच्या अलीकडे होती. बारक्याला ती लहानपणापासून ओळखते. तो रस्त्यावर उभा राहिला असता तर ती थांबली असती. लाहू खाली बघत उभा राहिला. तिने फोन ठेवला, निलमला गाडीत बसवलं आणि निघाली.

त्या आठवड्यात जीवनने होडीच्या कडेला बांधायला ते टायर मागितले. शेजारच्याने बैलगाडीसाठी मागितले. लाहूने कोणालाच दिले नाहीत. त्याने ते चाकांवरून उतरवले आणि कोयत्याने चारही टायरांचे तुकडे केले. रबर मऊ होतं, आतल्या तारांत कोयता अडकत होता. संध्याकाळपर्यंत वेळ लागला.

दहा महिने रुचिताने टायरांचा विषय काढला नाही. लाहूनेही नाही. डिसेंबरात ती नव्या उन्हाळी टायरांवर आली. लाहूने चाकं उतरवली आणि थांबला, कुठे न्यायची हे विचारायला. तिने एक चाक स्वतः उचललं, पाऊलवाटेने त्याच्या घरी गेली आणि मधल्या खोलीत, धान्याच्या कणगीशेजारी फळीवर आडवं ठेवलं. गाडीतून एक तापमापक आणून हिरीच्या हातात दिला. उरलेली तीन चाकं लाहूने आणली.

तेव्हापासून तो रोज सकाळी पारा बघतो. बघून झालं की चारही टायरांवरून हात फिरवतो, आतल्या अंगानेही.