तीन मजली गरुड आणि पितळी डाळिंब

जळोचीच्या गंगारामतात्यांनी आपल्या ट्रॉफ्यांच्या दुकानात आयुष्यभर दुसऱ्यांचे सत्कार घडवले. भजनी मंडळाची ढाल असो की कुस्तीचा चषक, तालुक्यात कोणाच्या कपाटात काय झळकतंय, हे त्यांना तोंडपाठ. पण कोणाच्या सत्काराचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. गिऱ्हाइकाचा हेवा करून कुठं धंदा होतो? सगळा हेवा त्यांनी एकाच माणसासाठी राखून ठेवला होता. तो म्हणजे धाकटा चुलतभाऊ सिद्धू.

सिद्धू तात्यांच्याच हाताखाली शिकला आणि इंदापुरात ट्रॉफ्यांचं स्वतःचं दुकान थाटून बसला. तेवढंही तात्यांनी गिळलं. पण तिथल्या व्यापारी मंडळानं सिद्धूला ‘तरुण उद्योजक’ ठरवलं आणि आपलीच ट्रॉफी आपण कशी करायची म्हणून सिद्धूनं ते काम तात्यांकडे धाडलं, तेव्हा मात्र तात्यांना घास उतरेना.

वाईट करावी, तर बुडाशी आपल्याच दुकानाचं नाव. चांगली करावी, तर सिद्धू मिरवणार. शेवटी तात्यांनी तीन मजली ट्रॉफी केली. सोनेरी खांब, मधे चषक, वर पंख पसरलेला गरुड. इतकी उंच, की दुसऱ्या दिवशी पेपरातल्या फोटोत सिद्धूचे फक्त कान आले. ते कात्रण तात्यांनी काउंटरच्या काचेखाली ठेवलं. बघणाऱ्याला वाटे, काय हे भावावरचं प्रेम!

पुढच्या वर्षी मंडळानं तात्यांनाच ‘ज्येष्ठ उद्योजक’ केलं. आता ट्रॉफी सिद्धू करणार. पोरगं किती मजले चढवतंय, या धास्तीनं तात्यांनी बायकोला, भागुबाईंना, नको नको करून सोडलं. उंच फेटा बांधू का, इथवर गोष्ट गेली.

व्यासपीठावर हातात आलं ते ओंजळीत मावणारं पितळी डाळिंब. एका बाजूनं उललेलं, आत लाल काचेचे दाणे, आणि जोडाचा कुठं मागमूस नाही. पेपरात तात्यांचा चेहरा स्वच्छ आला. पण नजर ना पाहुण्यांकडे, ना कॅमेऱ्याकडे. ती डाळिंबात जोड शोधत होती.

"फोटूत तोंड आलंय झकास," भागुबाई म्हणाल्या. "फकस्त करपल्यागत दिसतंय."

मग सोमेश्वरनगरहून कबड्डी स्पर्धेची बक्षिसं ठरवायला एक गिऱ्हाईक आलं आणि दुकानातल्या त्या डाळिंबापाशी अडलं. ही फॅशन गेली, असं सांगून तात्यांनी तसलाच दुसरा एक गरुड पुढं केला. गिऱ्हाईक हलेना.

"मग इंदापूरला जा की बाबा," भागुबाई म्हणाल्या. "तितं मिळंल."

तात्यांनी घाईघाईनं गिऱ्हाइकाला चहा सांगितला आणि दुकानामागं जाऊन फोन लावला.

"सिद्धू, तुझं डाळिंब जरा वाकडं झालंय रं. दाणं कसं बसवलंस ते सांग, म्हंजी नीट करून घेतो."

पलीकडं सिद्धूनं हसू खोकल्यात दडवलं.

"व्हय तात्या, वाकडंच हाय. या हिकडं, दावतो. जाताना तेवढा तुमचा गरुड घिऊन जा. दुकानात शिरायला वाट न्हाय."

"गरुड ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "तुझ्या तोंडापुढं त्योच बरा दिसतो."