मेली की नाही मेली

माझा मामेभाऊ, आमचा दादा, आयर्लंडच्या पार उत्तरेला लेटरकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. मी डब्लिनला सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दोन हजार वीसच्या ऑक्टोबरात पुन्हा लॉकडाऊन लागला, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायची बंदी आली, आणि दादाचा फोन आला. "अगं, नागपूरला खेळायचो तो खेळ पुन्हा सुरू करू. व्हिडिओ कॉलवर. गोष्ट तू सांग."

त्या खेळात एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. कुणी जादूगार, कुणी चोर. वार लागला की हुकला ते फासे ठरवतात. मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर आम्ही तो तासन्तास खेळलो होतो. नियमांचं जाडजूड पुस्तक दादाने कुणाकडून तरी झेरॉक्स करून आणलं होतं. आता दोघांत मजा येईना, म्हणून मी ऑफिसातल्या एका पुणेकराला आणि त्याच्या बायकोला बोलावलं. इथेच चुकलं. त्याच्याकडे त्याच खेळाची नवी एडिशन होती.

पहिल्या शनिवारी एकही फासा पडला नाही. दादा म्हणाला, "नवीन एडिशन लहान मुलांसाठी आहे. त्यात कुणी मरतच नाही." पुणेकर म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या एडिशनमध्ये दार उघडायला तीन तक्ते बघावे लागतात." मी दोघांना म्हटलं, "अरे, मी गुहेचा नकाशा काढून बसलेय." कुणी ऐकलं नाही. आठवडाभर ग्रुपवर पुस्तकांच्या पानांचे फोटो आणि दादाचे नऊ-नऊ मिनिटांचे व्हॉइस मेसेज. मी ते भांडी घासताना ऐकायचे आणि भांडी आपटायचे.

शेवटी मीच मधला मार्ग काढला. लढाई नव्या नियमांनी, मरणं जुन्या. दोघांनाही तो पटला नाही, पण खेळ सुरू झाला. तीन शनिवार बरे गेले.

चौथ्या शनिवारी पुणेकराच्या बायकोच्या पात्राला, म्हणजे तिच्या तिरंदाजाला, भाला लागला. ताकद शून्यावर आली. जुन्या नियमात शून्य म्हणजे संपलं. नव्यात मात्र फासे टाकून वाचायची संधी मिळते. तीन चांगले पडले की जीव वाचतो.

"मेली," दादा म्हणाला.

"नाही मेली. अजून फासे टाकायचेत," पुणेकर म्हणाला.

"ठरलं होतं आपलं, मरणं जुन्या नियमांनी."

"मी तेव्हा फक्त 'बघू' म्हणालो होतो!"

पाऊण तास हेच. ती बिचारी वरणाला फोडणी देऊन परत आली आणि म्हणाली, "कळवा मला, मी आहे का गेले." मी हसले. दादा हसला नाही. एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "कुणाला अशा तीन-तीन संधी मिळत नाहीत. मी रोज वॉर्डात बघतो ना."

त्या महिन्यांत त्याच्या वॉर्डात काय चाललं असेल ते मी विचारलं नव्हतं, त्याने सांगितलं नव्हतं. मग पुणेकर हळूच म्हणाला, "म्हणूनच तर, डॉक्टर. निदान इथे तरी मिळू द्या."

दादाने कॉल बंद केला.

मला रडू येत होतं आणि राग पण येत होता. दोघांचंही बरोबर होतं. आता तरी दोघं शहाण्यासारखे वागतील असं वाटलं. रविवारी सकाळी ग्रुपवर दादाचा व्हॉइस मेसेज. मी घाबरत लावला. पहिलंच वाक्य: "पान एकशे चार उघडा."

त्यानंतर मी एक मूर्खपणा केला. शनिवारी दादाबरोबर जुन्या नियमांनी आणि रविवारी पुणेकर जोडप्याबरोबर नव्या, असा एकच खेळ दोन वेगळे ग्रुप करून दोनदा चालवला. शनिवारी तिरंदाज मेलेली, रविवारी जिवंत. फेब्रुवारीत एका शनिवारी मी चुकून तिच्या तोंडी संवाद घातला. दादा म्हणाला, "काहून? ती तर मेली ना?" मी लॅपटॉप मिटला आणि दोन्ही ग्रुप सोडले. त्याला फोन करून म्हटलं, "दादा, मला तुमच्या पुस्तकांचा वीट आलाय. तू कसा आहेस ते सांग." आधी म्हणाला, "ग्रँड," इकडे कसंही चाललं असलं तरी म्हणतात तसं. आणि मग खरं काय ते सांगत बसला. दुपार संपून अंधार पडेपर्यंत.

उन्हाळ्यात प्रवास खुला झाला तेव्हा मी त्या जोडप्याला घेऊन लेटरकेनीला गेले. दादाने मागच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. तो खूप वाळला होता. पुणेकराने बाकरवडीचा पुडा दिला, दादाने चहा केला, दोघंही फार अदबीने बोलत होते. वीसेक मिनिटांनी पुणेकर म्हणाला, "डॉक्टर, ते तुमचं झेरॉक्स पुस्तक बघायचं होतं."

दादा ते आणायला जवळजवळ धावतच आत गेला. दादाची बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "आपण बाजारात जाऊन येऊ या का?"

आम्ही तिघी बायका गाडीत बसलो. दोन तासांनी आलो तरी ते दोघं तिथेच, चहा गार, आणि मांडीवर पुस्तक. आम्हाला बघून दादा म्हणाला, "बरं झालं आलीस. आता तूच सांग याला."

मी म्हटलं, "नाही सांगणार," आणि कपबशा उचलून आत गेले.