रिकामी कबर

आमच्या चर्चच्या मंडळीला मदतीचा भारी सोस. शाहूवाडीच्या डोंगरातलं एवढंसं गाव, त्यात एक कौलारू चर्च. पण रविवारी वाट चुकून कुणी आत आलं तरी "पावणं, चहा घेतल्याबिगर जायचं न्हाय" म्हणून त्याला बसवतात. नाताळला अख्खं गाव पंगतीला. आणि कुणी वारलं की जात-धर्म न बघता सगळी पोरं पहारी-फावडी घेऊन कबर खणायला हजर.

ह्याच सोसानं घात केला. माझे वडील, आबा, कोल्हापूरला दवाखान्यात होते. त्यांना दुसऱ्या वॉर्डात हलवलं आणि त्यांच्या खाटेवर आलेला म्हातारा वारला. चुलतभावानं पांढरी चादर ओढलेली बघितली आणि तोंड न बघताच गावात फोन केला. खरं काय ते कळेपर्यंत चर्चमागच्या कबरस्तानात आबांची कबर तयार! तीही जांभ्या दगडात, आबांच्या उंचीची. एरवी गावातलं गटार खणायचं तर ह्यांना वर्ष पुरत नाही.

आबा बरे होऊन घरी आले. हसून हसून गावाची पुरेवाट झाली. चर्चचे पाळकसाहेबसुद्धा म्हणाले, "आपल्यात रिकामी कबर म्हणजे आनंदाचीच गोष्ट. प्रभूची कबरही तिसऱ्या दिवशी रिकामीच सापडली होती." पण ती बुजवायला कुणी पुढं येईना. मोकळ्या कबरीवर माती कशी लोटायची? ज्याला सांगावं त्याची नेमकी कंबर धरलेली. शेवटी आबाच चिडून फावडं घेऊन निघाले, तर आईनं दारातच ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"असू द्या की. आपल्या घरासाठी काढलीया. आता कुटं धाडायची तिला?"

खरं सांगते, तेव्हापासून मला आईची भीती वाटायला लागली. रोज संध्याकाळी ती कबरीच्या कडेचा पाला झाडायला जायची. पावसाळ्यात विहिरी तुडुंब भरल्या, पण त्या खड्ड्यात पाणी ठरलं नाही. जांभ्यातनं झिरपतं, असं सगळे सांगायचे. सांगताना तिकडं बघायचे मात्र नाहीत.

एकदा मी तिला बोलवायला गेले, तर ती काठावर उकिडवी बसून बोलत होती. दारात ताटकळलेल्या पाहुण्याची समजूत काढावी तसा आवाज.

"जरा दम धर. ह्यांचं नाव सोड. मी येते की."

मी दोन पावलं मागं सरले. मग रागच आला. "आई, डोकं फिरलंय का तुझं? चर्चमध्ये जन्म गेला आणि खड्ड्याशी बोलतीयास?"

ती पदर झटकत उठली. "तुला न्हाय कळायचं. चल, भाकरी थापायच्यात."

नाताळच्या आधी, चुलीपुढं बसल्या बसल्या ती गेली. दुखणं नाही, खुपणं नाही. पोरं सवयीनं पहारी घेऊन आली आणि कबरस्तानात नुसतीच उभी राहिली. खणायला काही नव्हतंच.

पेटी खाली उतरली तशी पायाकडं बरीच जागा उरली. "दगड भरून घेऊ का, आबा?" कुणीतरी विचारलं.

"राहू दे," आबा म्हणाले. "झोपेत पाय पसरायची सवय हाय तिला."

मग त्यांनी फावडं मागितलं. ह्या वेळी ते हातातून काढून घ्यायला कुणी नव्हतं.