आत्याचं वजन आणि माझं पत्रक

अन्याय झाला माझ्या आत्यावर. दिवाळी संपल्यावरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी नऊ वाजता, काचीगुड्याच्या तिच्या स्वयंपाकघरात. तिच्या पुढ्यातली तुपाची खिचडी कुणीतरी उचलली आणि तिथं लिंबूपाण्याचा पेला ठेवला. ते कुणीतरी म्हणजे मी.

देशाची बाजारपेठ खुली होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. परदेशी थंड पेयं आणि चिप्सची पाकिटं गल्लीतल्या पानवाल्याकडेही लोंबत होती, आणि मी मलकपेठच्या बाजारात पत्रकं वाटत होते: 'चरबी हटवा, देश वाचवा!' मजकूर माझाच.

आत्याला मूत्रपिंडाचा कॅन्सर होता. एक मूत्रपिंड काढलं, तरी आजार फुप्फुसात पोचलाच. तेव्हा नव्यानंच आलेल्या गोळ्या चालू झाल्या होत्या. आत्या अंगानं भरपूर. ती रिक्षात बसली की मी दांडीला लटकायचे. मला शत्रू सापडला. तिच्या फ्रिजवर पत्रक चिकटवलं आणि तूप, भात, साखर बंद केली.

गोळ्यांनी तिचं तोंड आलेलंच होतं. न खायला तिला कारणच हवं होतं, ते मी छापून दिलं.

आपल्या लोकांना आजाऱ्याला भेटायला जाऊन एकच गोड बोलता येतं. "वैनी, किती बारीक झाल्या! छान दिसू लागल्या की!" आत्या खूश. बांगड्या कोपरापर्यंत सरकवून दाखवायची. ब्लाउज दोनदा आत घेतले. मी तर निवडणूक जिंकल्यासारखी फिरत होते.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं. मागचा आकडा पाहिला, आजचा पाहिला.

"ये किसका काम है?"

"माझं!" मी पत्रकच पुढे केलं.

त्यांनी ते सगळं वाचलं, उलटून कोरी बाजूही पाहिली. मग म्हणाले, "या आजारात, या टप्प्यावर, अंगानं भरलेले पेशंट पुष्कळदा जास्त तग धरतात असं दिसतंय. का, ते अजून नीट कळलेलं नाही. म्हणून चरबी वाढवा असं मी सांगत नाही. पण वजन असं भराभर उतरत राहिलं तर औषध झेपणार नाही. गोळ्या थांबवाव्या लागतील."

"पण लठ्ठपणामुळंच हा आजार होतो ना?"

"धोका वाढतो, हो. पण आजार होणं वेगळं आणि झाल्यावर उपचार झेपणं वेगळं."

आत्या काट्यावरून उतरत म्हणाली, "ऐकलंस का गं? तुझा देश वाचला, मी चालले होते."

तीन आठवड्यांची मुदत मिळाली. आहार सांगणाऱ्या बाईंनी लिहून दिलं तेवढं, तसंच: मऊ खिचडी, अंडं, दही, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. वाढायला मी. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर दर सोमवारी तिचं वजन लिहायचे.

"आणखी एक घास, आत्या."

"नक्को गं माय! आधी उपाशी मारलंस, आता फोडतेस का?"

तिसऱ्या सोमवारी आकडा पूर्वीचा नव्हता, पण घसरणं थांबलं होतं. गोळ्या चालू राहिल्या. त्या दिवशी आत्यानं फ्रिजवरचं पत्रक स्वतः काढलं आणि त्यावर गरम पातेलं ठेवलं.

आता तुम्ही. घरात असा पेशंट असेल, तर 'बारीक झालात, छान!' हे वाक्य आजपासून बंद. काय खाल्लं ते विचारा. दर आठवड्याला वजन करा, लिहा, आणि उतरलं तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि त्यांना विचारल्याशिवाय कुणाच्या पुढ्यातलं ताट उचलू नका. मी उचललं होतं.