कराम्याचा पत्ता, प्रागची खानावळ

मंडळी, या ग्रुपवरचे भुतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतेय आणि खरं सांगायचं तर वाचताना हसतेयसुद्धा. रागावू नका. माझं माहेर दापोलीकडचं. आमच्याकडे प्रत्येक चिंचेवर कुणी ना कुणी बसलेलं असतं, आणि सासूबाई तर घरात कुणी सलग दोनदा शिंकलं तरी मिरच्या ओवाळायला उठतात. मी त्यातली नाही. दुबईत नोकरी करणाऱ्या बाईला भुताखेतांसाठी वेळ नसतो – व्हिसाची कामंच पुरेशी भीतिदायक असतात. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

मी दुबईच्या करामा भागात, कराम्यात, एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात काम करते. युरोपला जाणाऱ्या आपल्या लोकांना कुठे राहायचं, कुठे खायचं, कॉफी कुठे प्यायची, ते ठरवून द्यायचं. त्यात प्राग माझं खास. जुन्या चौकात राहू नका, नदीपलीकडे ट्रामच्या लाइनवर राहा. मोठ्या घड्याळासमोर जेवायला बसू नका, एखाद-दोन गल्ल्या मागे जा, तिथे चव बरी आणि वेटरचा चेहराही बरा. टेबलावर आणून ठेवलेला ब्रेड फुकट नसतो, मुलांना आवरा. कॉफी प्यायची ती जुन्या, उंच छताच्या कॅफेत – एका कपावर अख्खी दुपार बसलात तरी कुणी उठवत नाही. हे सगळं मी छातीठोकपणे सांगते... आणि मी स्वतः युरोपात पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही. सगळं क्लायंटच्या फोटोंवरून आणि तक्रारींवरून शिकलेय.

तर एक दिवस सुनंदाताई दुबईपासून दीडेक तासावरच्या अल ऐनहून आल्या. मूळच्या पुण्याच्या, पण आता अल ऐनच्या एका शाळेत शिकवतात. एकट्याच होत्या.

"प्राग," त्या म्हणाल्या. "पण मला काही बघायचं नाहीये."

मी सवयीने विचारलं, "मग शॉपिंग?"

त्यांनी मान हलवली. मग हळूहळू सांगितलं. त्यांचा एकुलता एक मुलगा रोहन तिथे नोकरीला होता. आदल्या वर्षी रस्त्यावर अपघातात तो गेला. कंपनीने सगळं करून त्याला पुण्याला पाठवलं, त्यामुळे ताई आणि त्यांचे मिस्टर प्रागला गेलेच नाहीत. तो खोल्या बदलत राहायचा, शेवटची खोली नेमकी कुठे होती ते ऑफिसातल्या मुलांनाही धड माहीत नव्हतं. मला माझ्या 'शॉपिंग'ची इतकी लाज वाटली की मी उठून उगाचच एसी कमी केला.

"फोन केला की मी पहिलं विचारायचे, जेवलास का," त्या म्हणाल्या. "तो म्हणायचा, जेवलो गं, खाली एका आजींची खानावळ आहे, त्या वाढतात. मला वाटायचं थापा मारतोय, मला बरं वाटावं म्हणून. व्हिडिओत त्याचे गाल बसलेले दिसायचे. शबाना, तो खरंच जेवत होता का, एवढंच मला बघायचंय."

"आणि साहेब?"

"हे येणार नाहीत. म्हणतात, तिथे आता काय आहे?"

मी जमेल तेवढं शोधलं. पण प्रागमध्ये खानावळी काय कमी आहेत? 'आजी' एवढ्या एका शब्दावर कुठली सापडणार? शेवटी त्यांना लिफ्ट असलेलं साधं हॉटेल बघून दिलं, जवळपासच्या शाकाहारी जागा सांगितल्या आणि म्हटलं, इन्शाल्ला मिळेल. आमच्याकडे काही होणार नाही असं वाटलं की आम्ही हेच म्हणतो.

त्या प्रागला गेल्या. आता दुबईत राहणाऱ्यांना माहीतच आहे – इथे पत्ता कुणी रस्त्याच्या नावाने सांगत नाही. फार्मसी, ग्रोसरी, सिग्नल, यू-टर्न, खलास. आमचं ऑफिस एका कॅफेटेरियाच्या वर आहे, बोर्ड झाडामागे लपलेला. त्यामुळे दिवसातून कितीदा तरी मी तोच पत्ता पोपटासारखा म्हणत असते. लोकांना खालीच बसायला सांगते, कॅफेटेरियावाले न विचारता चहा देतात, मग मी खाली उतरते. अशी आमची पद्धत.

सुनंदाताई जाऊन काही दिवस झाले होते. त्या दुपारी शारजाहून एक बाई पासपोर्ट घेऊन यायच्या होत्या. लँडलाइन वाजला. जुना फोन आहे, नंबर दिसत नाही. लाइन नुसती खरखरत होती.

"मी रस्ता चुकलेय," मराठी बाईचा आवाज. "एका फार्मसीसमोर उभी आहे. आता कुठे जाऊ?"

मला वाटलं, शारजावाल्या. एका हाताने टाइप करत मी सुरू झाले. "फार्मसी उजव्या हाताला ठेवून सरळ या. पुढे शिंप्याचं दुकान, त्याला लागून चाव्या बनवणारा. तिथून डावीकडे गल्लीत वळा. हिरवा दरवाजा दिसेल. आत जाऊन बसा. काही मागवू नका, ते आणून देतील."

फोन कट झाला. समोरच्या टेबलावरचा आमचा शाजी माझ्याकडे बघत होता.

"मॅडम, दो सीढ़ी नीचे? अपने यहाँ नीचे सीढ़ी किधर है?"

"मैंने कब बोला?"

"अभी बोला ना. हरा दरवाज़ा, दो सीढ़ी नीचे."

मी म्हटलं, यल्ला, चल, तू आपलं तिकीट बघ. थोड्या वेळाने शारजाच्या बाई आल्या. मी विचारलं, पत्ता सापडायला त्रास नाही ना झाला? त्या म्हणाल्या, "छे हो, टॅक्सीवाल्याने दारातच सोडलं. फोन? मी नाही केला फोन."

संध्याकाळी मोबाइलवर सुनंदाताईंचा फोन आला. आधी रडण्याचाच आवाज आला. मी घाबरले. मग म्हणाल्या, "शबाना, अगं, तुला कसं माहीत होतं?"

"काय ताई?"

"दुपारी मी चुकले, तुझ्या ऑफिसला फोन केला. तू सांगितलंस तशी चालत गेले. शिंपी, चाव्यांचं दुकान, मग गल्ली. हिरवा दरवाजा. दोन पायऱ्या उतरून आत बसले. तू म्हणालीस म्हणून काही मागवलं नाही. एक म्हाताऱ्या बाई बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. आत गेल्या. बटाट्याचं गरम सूप आणून माझ्यापुढे ठेवलं, समोर बसल्या, आणि म्हणाल्या – रोहन."

 खुर्चीचा हात घट्ट धरून मी ऐकत राहिले.

आजींनी खुणा करत, मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं: रोहनने त्यांना आईचा फोटो दाखवला होता. तो वरच्या खोलीत राहायचा. बाहेर टेबलावर नाही, आत स्वयंपाकघरात म्हातारा-म्हातारीबरोबर जेवायचा. सुट्टीच्या दिवशी बटाटे सोलायला बसायचा. तो गेल्याचं त्यांना कळलं, पण कळवायचं कुणाला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी त्याचा कप अजून वेगळा ठेवलाय.

"दोनदा वाढून घ्यायचा म्हणे," ताई रडता रडता हसल्या. "अंगकाठीच बारीक होती त्याची. मी उगाच शंका घेतली गं."

मीही रडले. चांगली हमसून हमसून, भर ऑफिसात. शाजीने काही न विचारता कडक चहा आणून दिला. बिचारा.

नंतर मी शांत डोक्याने विचार केला. माझी मुलगी म्हणाली, "ममा, इट्स जस्ट अ को-इन्सिडन्स. एव्हरी सिटी हॅज अ फार्मसी." मान्य. शिंपीही असतील, चाव्यावालाही असेल. हिरवा रंग काही आमच्याच मालकीचा नाही. पण पायऱ्या? कराम्यातल्या आमच्या कॅफेटेरियात शिरायला उंबरासुद्धा नाही. मी असं म्हटल्याचं मला आठवत नाही, पण शाजीने ऐकलं, आणि तिकडे सुनंदाताईंनीही ऐकलं. मी हे कुणाच्या वतीने बोलले? सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ज्याला आईला जेवायला न्यायचं होतं त्याने नेलं, तू कशाला हिशेब लावतेस. पहिल्यांदाच मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

गेल्या आठवड्यात सुनंदाताईंचे मिस्टर ऑफिसात आले. उंच, अबोल माणूस. बराच वेळ ब्रोशर चाळत बसले.

"आम्हा दोघांची तिकिटं काढा," ते म्हणाले. "हॉटेल बघू नका. त्या आजी म्हणतात, वरची खोली असताना हॉटेल कशाला."

मी तारखा विचारल्या. त्यांनी सांगितल्या. उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"सुनंदा सगळं गोड करून सांगते. मला वाईट वाटू नये म्हणून," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तुम्ही खरं सांगा. तो पोटभर जेवत होता ना?"

ना मी ती खानावळ पाहिलेली, ना त्यांचा मुलगा. माझ्याकडे कशाचंच स्पष्टीकरण नाही, आजही नाही. पण मंडळी, मी क्षणभरही अडखळले नाही. "हो," मी म्हटलं, "पोटभर." आणि ते खरं आहे हे मला माहीत होतं... कसं, ते मला विचारू नका.