दोन पानांची चीज

युद्ध नुकतंच संपलं होतं तेव्हा साताऱ्यात मुलींच्या एका मिशन शाळेत मी गाणं शिकवत होतो. त्याआधी सांगलीला नाटक मंडळीत पायपेटी वाजवायचो. शाळेत एक पियानो होता आणि तो शाळेच्या मड्डम वाजवत. एकदा त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्हीही शिका. आणि बायको घरी एकटी बसते, तिलाही आणा." मी आणलं.

मड्डमनी दोघांनाही एकच चीज दिली. कुणा जर्मन माणसानं शिकाऊ मुलांसाठी रचलेली, जेमतेम दोन पानांची. उजव्या हातात गाणं, डाव्या हातात पाळण्याचे संथ झोके. मला वाटलं, आठवड्यात बसेल. पण पायपेटीवर पाय थांबला की सूर मरतो, आणि माझ्या पायांना तेवढंच ठाऊक. पियानोच्या खाली एक पट्टी असते, ती पायानं दाबून धरली की सूर रेंगाळतो. मी ती भाता मारावा तशी सारखी हाणायचो. सगळे सूर तुटून जात.

"अहो, त्यात वारा भरायचा नाही," बायको हसत म्हणाली.

तिनं कधी पेटीला हात लावलेला नव्हता, म्हणून तिला काही विसरायचं नव्हतं. ओळीच्या शेवटी ती जरा थबकायची, मग पुढची ओळ हलकेच उचलायची. मी समेवर यावं तसा तिथे आदळायचो. मड्डम तिच्यापाशी जास्त वेळ बसू लागल्या. घरी पोळपाटावर तिची बोटं चालताना दिसली की मी भाजीत मीठ कमी आहे म्हणायचो. मीठ बरोबर असायचं.

मग मड्डमनी सांगितलं की स्नेहसंमेलनात ती चीज बायको वाजवेल. "तुम्ही पानं उलटा."

मी हसून हो म्हटलं आणि रविवारी सांगलीला जाऊन आईला घेऊन आलो. लोकांसमोर सून वाजवणार हे आई खपवून घेणार नाही अशी माझी खात्री होती. मला स्वतः नको म्हणावं लागणार नव्हतं. वाटेत मी सगळं सांगितलं, जरा वाढवूनच.

आई म्हणाली, "मग वाजवू दे की. त्यात काय चोरी हाय व्हय?"

संमेलन दुपारी होतं. बायकोनं वाजवलं. मी पान उलटलं, एकच तर उलटायचं होतं. तिच्या हातून काही चुकावं म्हणून मी कान लावून बसलो होतो, पण काही चुकलं नाही. शेवटचा सूर विरला तरी टाळ्यांना उशीर झाला, कारण लोकांना चीज संपल्याचं कळलंच नाही.

पुढच्या रांगेतून आईचा आवाज आला, "संपलं व्हय? आत्ता कुठं लागलं हुतं. परत वाजव की गं!"

सगळे हसले. मड्डमही मान डोलावू लागल्या. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. त्या काळी आमच्या घरात बाईमाणूस नवऱ्याच्या होकाराशिवाय पुन्हा बसलं नसतं. मी नुसती मान हलवायची होती. मी हातातली पानं नीट लावत राहिलो. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, मग पियानोचं झाकण लावलं आणि उठली.

टांग्यात आई म्हणाली, "का रं, मान अवघडली हुती व्हय तुझी?"

"जाऊ द्या, आत्याबाई," बायको आईला म्हणाली. "पोरींचा नाच व्हायचा होता, उशीर झाला असता."

ती मला सांभाळून घेत होती हे मला कळलं. त्याचीही मला चीड आली. स्वतःची बदली होईपर्यंत मड्डम तिला वाजवायला बोलावत राहिल्या. दर वेळी ती आधी माझ्याकडे पाहायची आणि मग घरात काम आहे म्हणायची.