परसातला राब

सेंद्रिय म्हणजे काय, हे मला मुरबाडच्या शिबिरात नीट कळलं होतं. घरी आल्यावर कळेनासं झालं. युरिया घालायचा नाही, औषध मारायचं नाही, पालापाचोळा जाळायचा नाही, कुजवायचा, एवढं शिकून मी धसईजवळच्या आमच्या घरी परतले आणि मागच्या परसाचा तुकडा मागितला. सासऱ्यांचा सासूबाईंकडून निरोप आला, घे, पण युरियाशिवाय काय पिकतं ते मलाही बघू दे. हा होकार की टोमणा, ते मी नवऱ्याला विचारलं. बाप त्याचा, पण त्यालाही सांगता येईना.

त्या हिवाळ्यात मुळा झाला, मेथी झाली, आणि नवऱ्याने कल्याणहून आणलेल्या बियांची सॅलडची कुरळी पानंही झाली. मी ती धुऊन मीठ-लिंबू लावून वाढली. सासऱ्यांनी एक पान उलटसुलट करून पाहिलं आणि शिजवायचं राहिलं का, असं सासूबाईंना विचारलं. मला नाही. मी समोर उभी असले तरी माझ्यासाठीचं बोलणं सासूबाईंमार्फतच यायचं. मेथीलाही त्यांनी हात लावला नाही. मी खर्डीच्या नोकरदार घरातली, मला शेतीतलं काय कळणार, असं सगळे धरूनच चालले होते. जन्मभर भात लावलेल्या या माणसाने माझ्या हातचं एकदा तरी पोटभर खावं, एवढंच मला हवं होतं.

एप्रिलमध्ये वाफे रिकामे झाले. मी त्यांवर शेण पसरलं, त्यात शिबिरवाल्यांकडून मागून आणलेली गांडुळं सोडली, वर सागाच्या आणि आंब्याच्या पानांचा जाड थर दिला. रोज पाणी शिंपडत होते. मग बहिणीच्या लग्नासाठी माहेरी गेले. परत येऊन बघते तर वाफे काळेठिक्कर. नुसती राख.

शेजारीण कुंपणापलीकडून म्हणाली की म्हाताऱ्याने डाव साधला. नवरा म्हणाला, अगं, बाबांनी मदत केली. आमच्याकडे भाताची रोपं करायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण आणि पाला पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात. शेणावर वाळका पाला पाहिल्यावर त्यांना दुसरं काय वाटणार? सासूबाईंनी निरोप सांगितला, राब तयार आहे, बी टाकायला सांगितलंय. मला ते डिवचणं वाटलं. संध्याकाळी मी जेवलेच नाही. गांडुळांचं काय झालं असेल, हेच डोक्यात फिरत होतं.

सकाळी मात्र गोंधळ वाढला. आग कुंपणाला लागू नये म्हणून वाफ्यांभोवतीचं गवत खरवडून काढलेलं होतं. ढेकळंही फोडलेली होती. चिडून जाळणारा माणूस एवढे कष्ट कशाला घेईल? आणि राख सेंद्रिय धरतात की नाही, हे तरी कोणाला विचारायचं? मी काहीच न करता वाफे तसेच ठेवले.

काही दिवसांनी मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. सासरे परसात आले आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याशी बोलले.

"का गो, राब तसाच पडलाय. माज्या हातचा नको काय तुला?"

भांडायची वाक्यं मी केव्हापासून जुळवून ठेवली होती. पण ते वाफ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होते. आपली सून आपल्यावर रुसली, याची त्यांना धास्ती होती. आणि मी रुसलेही होतेच.

"बी तुम्हीच टाका," मी म्हटलं.

त्यांनी तांबडा माठ टाकला. माठ असा तरारून आला की मी बघतच राहिले. भाजी मी केली. सासऱ्यांनी दोनदा मागून घेतली, आणि तीही माझ्याकडे बघून. मला हवं होतं ते माझ्यासमोर घडत होतं. मला ती गांडुळं आठवली आणि मी माझ्या ताटातली भाजी तशीच ठेवली. ती भाजी माझ्या हातची की त्यांच्या, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही.